तपासणीची म्हैस

"बिल्ला कुठाय?" तपासणीला आलेल्या गोविंदरावांनी म्हशीचा कान उलटा करून पाहिला. कान कोरा होता.

"कुंपणात अडकून पडला, साहेब." हे वाक्य विश्राम पहाटेपासून घोकत होता, तरी जीभ अडखळलीच.

अनुदानाच्या योजनेत सरकारनं म्हशीची अर्धी किंमत दिली होती. ती म्हैस माघात घटसर्पानं गेली. तेव्हाच कळवलं असतं तर निभलं असतं. पण विश्रामचा जीवच तसा. पोस्टमन दारात दिसला तरी आपण काय गुन्हा केलाय ते आठवत बसे. आज कळवू, उद्या कळवू करता करता तपासणीच येऊन ठेपली. अनुदान परत जातं आणि वर पोलीस येतात, असं बाजवा गावात सगळे छातीठोकपणे सांगत. म्हणून आज शेजारच्या रेवाबेनची म्हैस त्याच्या गोठ्यात उभी होती.

त्याच्या बायकोनं, कमलेनं, खूप मोडता घातला होता. "दुसऱ्या कुणाचीही आणा. पार छाणी गावापर्यंत जावं लागलं तरी चालेल. रेवाबेनची नको." कारण विचारलं तर चूल फुंकत बसली. बायकांचा काही मानापमान असेल, असं धरून विश्राम रेवाबेनकडेच गेला.

रेवाबेन मात्र हौसेनं आली होती. म्हैस आपली, नाटक दुसऱ्याचं. दातांना तपकीर लावत ती दारातल्या खाटेवर बसली होती.

साहेब शहरातल्या मांडवीचे, आपल्यासारखेच मराठी. आपला माणूस सांभाळून घेईल, असं विश्रामला वाटलं होतं. आपला माणूस चहासुद्धा घेईना.

"हे पारडू हिचंच?"

"हो, साहेब."

"चांगलं अंग धरलंय."

ते खरंच होतं. आई मेल्यावर ते आठ दिवस काढणार नाही म्हणत होते लोक. कमलेनं भाताच्या पेजेवर वाढवलं, असं ती सांगे.

गोविंदरावांनी पेनाला टोपण लावलं आणि पारड्याजवळ उभ्या कमलेकडे पाहिलं. "बिल्ला नाही ना? मग म्हशीलाच विचारू. बाई, धार काढून दाखवा."

रेवाबेनचं बोट दातांवरच थांबलं. तिची म्हैस परक्या हाताला लाथ घालते, हे फळियातल्या घराघराला ठाऊक होतं. रेवाबेनच्या पोरीसारख्या सुनेचं मनगट मोडलं होतं त्या लाथेनं.

"मला नाही जमायचं," कमला म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "हात दुखतोय आज."

"चार धारा पुरेत."

विश्रामनं डोळे मिटले. आता लाथ बसणार, मग भांडं उडणार, मग साहेब टोपण काढणार.

आवाज आला तो भांड्याच्या बुडावर पडणाऱ्या धारेचा. मग दुसरीचा. त्यानं डोळे उघडले. म्हैस निवांत रवंथ करत होती. कमलेनं तिच्या पोटाला खांदा टेकला होता आणि भांड्यात फेस चढत होता. कमला रडत होती. सुटकेचं रडू असणार.

"माणूस खोटं बोलेल, जनावर नाही," असं म्हणून गोविंदरावांनी सही ठोकली आणि स्कूटरला किक मारली.

स्कूटर वळणाआड गेली तेव्हा विश्रामला हसू फुटलं. "वाचलो, बेन! पाहिलंत ना? लाथ सोडा, शेपटी नाही हलवली!"

रेवाबेन हसली नाही. ती कमलेच्या हातांकडे बघत होती.

"महिनाभर दूध ओछं, कमी-कमी येतंय," ती अगदी हळू म्हणाली. "मने वाटलं, माझं पारडूच चोरून पितंय. म्हणून त्याला उपाशी बांधत गेले मी, कमला. आज सकाळपासून ते उठत नाहीये."