भाच्याचं तिसरं मागणं

विक्तोर पाकनं रिसीव्हरवरची धूळ बाहीनं पुसली आणि पुन्हा तेच ऐकवलं. यात रेडिओ आहे, अँप्लिफायर आहे, सगळं एकाच डब्यात. स्पीकरच्या वायरी जोडा आणि चहा पीत बसा.

"नको," तोलेगेन म्हणाला. "मला सुटे अँप्लिफायर हवेत. डाव्या स्पीकरला एक, उजव्याला एक, आणि त्या दोघांना हाकायला रेडिओवाला तिसरा डबा."

कारागांडा शहराच्या जुन्या बाजारात पाकचं दुकान होतं. दोन खोल्यांच्या घरात असा थाट मांडू पाहणारी गिऱ्हाइकं त्यानं बरीच पाहिली होती. "तोलेके, कान तरी तेवढे आहेत का?"

कान होते. तोलेगेननं त्याला सुनावलं, की एका डब्यात सगळं कोंबलं की ढोल वाजल्याबरोबर दोनतारी डोंब्राची तार गुदमरते; सुट्यांत ज्याचा त्याला श्वास मिळतो. यात खोटं काही नव्हतं. पण खरं कारण दुसरंच होतं, आणि ते नुसतं आठवलं तरी त्याचं टाळकं फिरायचं.

खरं कारण एल्दोस. बहिणीचा मुलगा.

भाच्यानं मामाच्या घरातून तीनदा हवं ते मागावं आणि मामानं नाही म्हणू नये, हा रिवाज ज्यानं काढला त्याला भाचा नसणार, असं तोलेगेनचं ठाम मत होतं. पूर्वी ठीक होतं. भाचा कोकरू मागायचा, फार तर शिंगरू. कळपात एक कमी झालं तर कुणाचं काय बिघडतं? या पठ्ठ्यानं आधी रेकॉर्डप्लेअर नेला. मग टेपरेकॉर्डर, आतल्या कॅसेटसकट. चांगली नोकरी, स्वतःची गाडी, आणि नजर मात्र मामाच्या फळीवर. दरोडेखोर निदान चहाला तरी थांबत नाही. हा थांबला, वर तोलेगेनच्या बायकोनं, सौलेनं, त्याला वाटेत खायला कणकेचे बाउरसाक तळून दिले.

आता परवा फोन आला होता. मामा, नवं यंत्र घेताय म्हणे. घर गाण्यानं भरलं की माणसाचं मन मोठं होतं, म्हणून वाजेल त्याच दिवशी येतो. माझं तिसरं मागणं राहिलंय.

इतका निर्लज्जपणा, आणि तोही आदबीनं! पाकचा रिसीव्हर घेतला तर हा तो एकच डबा उचलणार आणि घर मुकं होणार. तीन घेतले तर नेऊन नेऊन एकच नेईल. तेवढा पुढेमागे मिळवता येईल. हे हिशेबाचं गुपित पाकला सांगितलं असतं तर तो बाजारभर हसत फिरला असता. तोलेगेननं मुकाट्यानं तिन्ही डबे टॅक्सीत घातले.

घरी सौलेनं डब्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "पोराला भिऊन फळी भरताय," ती म्हणाली. "आधीचं दोन्ही त्यानं कुणाच्या घरात नेऊन ठेवलंय, ते विचारलंत कधी?"

तोलेगेननं तिला तिथंच गप्प केलं. बागिलाचा विषय या घरात बंद होता. वडील गेल्यावर चाळीसाव्या दिवशीच्या जेवणाला, सगळे सोयरेधायरे पंगतीत बसलेले असताना, त्याच्या या बहिणीनं विचारलं होतं, बाप हाका मारत होता तेव्हा तू शेजारच्या खोलीत काय ऐकत बसला होतास? तेव्हापासून बहीण नाही. भाचा मात्र सुटला नाही.

रविवारी दुपारी एल्दोस आला. दूध घातलेला चहा प्याला, डोळे मिटून डोंब्रा ऐकला, कुठे बोट तारेवर घसरलं तेही कळतंय म्हणाला. तोलेगेनला क्षणभर बरं वाटलं, मग स्वतःचाच राग आला. चोर मालाची पारख करत होता आणि मालक खूश होत होता. डावा डबा द्यायचा, त्यानं मनाशी ठरवून टाकलं. द्यायचा आणि दार लावून घ्यायचं.

एल्दोसनं पेल्यावर हात ठेवला. चहा पुरे.

"मामा, मागू?"

"माग. तुला कोण अडवणार?"

"आई खाली गाडीत बसलीय. तुम्ही स्वतः जा आणि तिला वर घेऊन या. एवढंच मागतो."

डोंब्रा वाजत होता. भाच्याचं तिसरं मागणं, नाही म्हणायची सोय नव्हती.

तोलेगेन उठला. दारापर्यंत गेला, कडीला हात लावला आणि तसाच मागे फिरला. फळीमागे वाकून त्यानं एकेक वायर उपटली. डोंब्रा मध्येच तुटला. धापा टाकत त्यानं तिन्ही डबे भाच्याच्या पायाशी आणून ठेवले.

"त्यापेक्षा हे ने," तो म्हणाला. "तिन्ही ने. स्पीकरही ने."