पेढ्यांचा पुडा

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकानं एक कादंबरी किंवा नाटक वाचायचं आणि जूनमध्ये वर्गाला त्याची गोष्ट सांगायची, असा भंगाळे सरांचा दंडकच होता. नववीतल्या राजकुंवरनं दिवाळीपासून डोळा ठेवलेली जाडजूड कादंबरी शाळेच्या वाचनालयाच्या कपाटातून काढली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी रजिस्टर उघडलं, पण नाव लिहिलं नाही. “अगं, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुझं लग्न. पुस्तक परत कोण करणार?” राजकुंवर हसली. “माझं नाही सर, दुसऱ्या कुणाचं असेल.” सरांनी हेडमास्तरांकडून आलेला अर्ज पुढं सरकवला. ‘मुलीचे लग्न ठरले आहे, शाळेतून नाव काढावे.’ खाली वडिलांची सही. हा अर्ज ज्यात होता ते बंद पाकीट काल तिनंच हेडमास्तरांना नेऊन दिलं होतं, सोबत पेढ्यांचा पुडाही. केळीसाठी नवा ट्रक घेतला त्याचे पेढे, असं वडील म्हणाले होते. शिक्षकांना वाटून उरलेले दोन तिनं तिथंच खाल्ले होते.