एक ओळ आधी

रविवारी सकाळी आठला चर्चची घंटा झाली आणि मिस्सा, कॅथलिकांची उपासना, सुरू झाली. निवृत्त कवायत मास्तर तेव्हा शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला बसले होते. शेजारी त्यांची लेक. लेकीच्या पलीकडे होणाऱ्या विहीणबाई.

मास्तर प्रोटेस्टंट. बासष्ट वर्षांत कॅथलिक चर्चची पायरी चढले नव्हते. येत्या शनिवारी लेकीचं लग्न याच चर्चमध्ये होतं, आणि नवरीला हाताला धरून दारापासून वेदीपर्यंत आणायचं काम बापाचं. मास्तरांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हणूनही सांगितलं नव्हतं. "एकदा येऊन बघतो, मग सांगतो," एवढंच.

"आज सांगून टाका, पप्पा," लेक कुजबुजली. "तुम्ही नाही तर मामा. तो कोटाला इस्त्री मारून बसलाय."

"बसू दे. चुरगळेल त्याचा तोच."

सगळे उभे राहिले. मास्तर एक क्षण मागून उठले. ते ताठ होईपर्यंत सगळे खाली बसले होते. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरांना उठवणाऱ्या-बसवणाऱ्या त्या माणसाला इथे कुणी हुकूमही देत नव्हतं आणि अख्खं चर्च एका ठोक्यात हलत होतं. मास्तरांचा दोनदा गुडघा बाकावर आपटला.

विहीणबाई लेकीच्या पाठीमागून वाकल्या. "मास्तर, पुढच्या बाईकडे बघून करा. मी चाळीस वर्षं तेच करते."

"आणि पुढची बाई?"

"ती कुणाकडे बघते, देव जाणे."

मास्तरांना हसू आलं. त्यांनी ते मिशीत दाबलं. भिंतीवरच्या मूर्तींकडे पाहायचं नाही असं ते घरून ठरवून आले होते, त्यामुळे जमिनीच्या फरशांकडे पाहत राहिले. पण कान काही मिटता येत नाहीत. वाचन झालं, तो उतारा त्यांना पाठ होता. प्रवचन सात मिनिटांत आटोपलं. एवढ्या वेळात त्यांच्या चर्चच्या पाळकांचा घसासुद्धा साफ होत नसे. पुढे सगळे गुडघ्यांवर आले तेव्हा मास्तर तेवढे बसून राहिले, हात मांडीवर, नजर फरशीवर. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याची तिची धडपड मात्र त्यांना दिसली.

मग सगळे उभे राहिले आणि प्रभूची प्रार्थना सुरू झाली.

ही त्यांच्या चर्चमधलीही होती. शब्द तेच, क्रम तोच. सकाळपासून पहिल्यांदा मास्तर सगळ्यांच्या बरोबर होते. त्यांनी डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि भोंग्याशिवाय मैदान गाजवणारा तो आवाज मोकळा सोडला. भाकरीची ओळ झाली, क्षमेची झाली, वाइटापासून सुटकेची झाली. तिथे सगळे थांबले.

मास्तर थांबले नाहीत. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला अजून एक ओळ असते आणि ती श्वास न घेता जोडून म्हणतात. राज्य तुझं, सामर्थ्य तुझं. दोन शब्दांतच त्यांना कळलं की आवाज एकट्याचा आहे. डोकी वळली. एक लहान मुलगी खुदकन हसली. पण अर्ध्यावर हुकूम सोडायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी गौरवही म्हटलं, सदासर्वकाळही म्हटलं आणि आमेन म्हणूनच तोंड मिटलं.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि बाकाबाहेर एक पाय टाकला.

लेकीने त्यांची बाही पकडली. "थांबा ना. अजून संपलं नाही."

वेदीवरून फादर दोन-तीन वाक्यं बोलले. ती मास्तरांच्या डोक्यात शिरली नाहीत. आणि मग दोनशे-अडीचशे माणसं एकदम बोलली. राज्य तुझं, सामर्थ्य तुझं, गौरव तुझा. तीच ओळ. शब्दाला शब्द.

मास्तर बाहेर टाकलेल्या पायावर तसेच उभे राहिले.

विहीणबाई पुन्हा वाकल्या. "तुम्ही पुढे गेलात, मास्तर. आम्ही आलो मागून."

लोक एकमेकांकडे वळले, हात पुढे करू लागले. शांती असो, शांती असो. लेकीनेही हात पुढे केला. गेले दोन महिने दोघं जेवणाच्या टेबलावर मीठ दे, पाणी दे यापलीकडे बोलले नव्हते.

"शांती असो, पप्पा."

"याला उत्तर काय देतात?"

"काही नाही दिलं तरी चालतं. हात द्या."

मास्तरांनी हात दिला. बाहेरचा पाय आत घेतला. पुढे प्रसादासाठी रांग लागली तेव्हा त्यांनी गुडघे आखडून लेकीला आणि विहीणबाईंना वाट करून दिली आणि स्वतः जागेवर बसून राहिले. ती रांग कॅथलिकांची, त्यांची नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण लेक परत येताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं. या वेळी तिनेही पाहिलं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी चर्च रिकामं झालं. विहीणबाई फुलदाण्यांतली कालची फुलं काढत होत्या. लेक दारात उभी होती, हातात फोन.

"मामाला काय सांगू?"

मास्तर दारापासून मधल्या वाटेने वेदीपर्यंत चालत गेले, ताठ मानेने, ओठ हलवत.

"चौतीस," ते म्हणाले.

मग परत दाराशी आले, लेकीच्या चपलांकडे एकवार पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. या खेपेला पावलं लहान टाकत होते.