अर्ध्या वाटेवरचा पार

"अहो, बसा ना जरा," कुमुदिनी पाराजवळ थांबून म्हणाली.

"कशाला? पाय कुठे दुखतायत?" मधुसूदन चार पायऱ्या वरून म्हणाला.

देवीच्या डोंगरावरच्या या पारावर दोघं दरवर्षी धापा टाकत बसायची, काकडी खायची, आणि घरात न निघणारे विषय इथे निघायचे. गेल्या महिन्यात मधुसूदनने ते नवं इंजेक्शन घेतलं. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आवरणाला जादा दारं फुटली. चढताना पायांत साचणारं लॅक्टेट नावाचं द्रव्य त्यांतून झटकन आत शिरायचं आणि पाय भरून येईनात. तेव्हापासून हा माणूस जेवायलासुद्धा धड टेकत नव्हता. आज तर देवळापर्यंत जाऊन तिला न्यायला परत आला होता.

"तूही घे म्हणतोय ना इंजेक्शन."

कुमुदिनीला आज वेगळंच बोलायचं होतं. लेक सासर सोडून कायमची घरी येणार होती. पळत्या माणसाला हे सांगायचं कसं?

तिने पारावर बसकण मारली. "माझे पाय गळाले. आता एक पायरी चढवत नाही."

तो कुरकुरत शेजारी टेकला. तिने काकडी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली.

त्याला गाठता यावं म्हणून तिनेही सोमवारीच इंजेक्शन घेतलं होतं. ते मात्र ती बोलली नाही.