कळ

"अगं, तुझ्या पायाला काय लागलंय?" फरशीवरचे रक्ताचे ठसे पाहून मंदाकिनीबाई सुनेवर खेकसल्या.

"माझ्या नाही हो आई, तुमच्या पायाला."

मंदाकिनीबाईंनी तळवा वळवून पाहिला. टाचेत काच खोलवर रुतली होती. सुनेनं ती ओढून काढली, तरी त्यांना साधी कळसुद्धा आली नाही. थोरल्या भावाचा मधुमेहही असाच पायात उतरला होता. आधी अंगठा कापला, मग गुडघ्यापासून खाली सगळंच.

"रिक्षा आणते, बसून राहा," म्हणत सून धावली.

एकट्या उरलेल्या मंदाकिनीबाईंनी तळव्याला चिमटा काढला. मग नख खुपसलं. शेवटी मुठीनं पाय बडवत त्या रडू लागल्या, "दुख रे बाबा, एकदा तरी दुख!"