मागावरची शाल

वेरूळच्या रस्त्याला बासितशेठच्या दुकानात दारातच हातमाग मांडलेला होता. शफीचाचा त्यावर हिमरू शाल विणत बसायचे. पर्यटक त्यांचे फोटो काढायचे आणि आतल्या चिनी शाली 'याच मागावरच्या' म्हणून घेऊन जायचे.

आज एक बाई मात्र हटून बसल्या. "मला ही मागावरचीच हवी. वीतभरच तर राहिलीय, थांबते मी."

"ती विकायची नाही," बासितशेठनं तोडून टाकलं.

बाई बाहेर पायरीवर जाऊन चपला घालू लागल्या, तसा तो चाचांच्या कानाशी फिस्कारला, "अक्कल गहाण टाकली काय, चाचा? रोज सांजच्याला उसवायची म्हणून बजावलं होतं ना? मग एवढी वाढली कशी? ही शाल दाखवायला हाय, पुरी व्हायला नाय. उसवा आत्ताच्या आत्ता!"

"उसवून उसवून सूत मेलं, शेठ. आता हात बी मरायला लागले."

चाचांनी कात्री उचलली आणि मागावर ताणलेलं सूत एका कडेपासून कापत नेलं. शाल झटकून हातावर घेतली आणि पायरीकडं हाक मारली, "बाई, वीतभर आखूड चालंल का?"