राजीनाम्याचं उत्तर

एकोणीस वर्षं साहेबांची पत्रं मीच लिहीत आलो आणि ते न वाचता सही करत आले. चष्मा कायम खणात. मला डावलून माझ्या हाताखालच्याला बढती दिल्याचं पत्रसुद्धा मीच टाइप केलं आणि त्याच फणकाऱ्यात राजीनामा समोर ठेवला. "बरं," साहेब म्हणाले, "याचं उत्तर लिहून आणा." म्हणजे तेही मीच! टेबलाशी पोचेपर्यंत राग ओसरला आणि साहेबांना सोडून जाववेना. मी लिहिलं: 'आपला राजीनामा स्वीकारता येत नाही.' सही झाली की प्रश्न मिटला. साहेबांनी कागद घेतला, खणातला चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. टोपण काढलेलं पेन सहीच्या जागी थांबलं. "हे चुकून झालंय की मुद्दाम?" खरं सांगायला माझी जीभ रेटेना. "चुकून, साहेब." "मग दुरुस्त करून आणा." 'स्वीकारण्यात येत आहे' असं करून आणलं. या वेळी त्यांनी न वाचताच सही केली.